आहेरताई आणि मुंग्या लागलेला कॉम्प्युटर

खंडेनवमीच्या पूजेत ऑफिसच्या कॉम्प्युटरवर नारळाचं पाणी सांडलं, ते माझ्या हातून. हे वाक्य गेल्या नऊ वर्षांत मी कुणापुढे उच्चारलेलं नाही. बायकोपुढेही नाही. आज लिहून टाकलं आणि कागदाकडे बघत बसलो, तर वाटलं, एवढंच होतं? एवढ्यासाठी नऊ वर्षं?

एका बाईंना मात्र ते मी न सांगताच कळलं होतं. त्यांच्याविषयी लिहायचं आहे. त्यांच्याविषयी लिहायचं तर वरचं वाक्य आधी लिहिणं भाग होतं, कारण समोरच्याने आधी खरं काय झालं ते सांगावं, मग बाकीचं बोलावं, हा त्यांचा नियम होता.

निर्मला आहेर. सगळे आहेरताई म्हणायचे. मूळच्या सटाण्याकडच्या. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झाल्या आणि पंचवटीत मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत एक गाळा घेऊन बसल्या. गाळ्याला पाटी नव्हती. का नाही म्हणून विचारलं तर म्हणायच्या, “पाटी लावली की लोकं मिक्सर घेऊन येतात.” त्या मिक्सर दुरुस्त करत नसत. कॉम्प्युटरही खरं तर दुरुस्त करत नसत. बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधून माणसाच्या फायली तेवढ्या काढून देत. “मेलेल्याला उठवायचं काम आपलं नाही, भाऊ. त्याच्या खिशात काय होतं ते घरच्यांच्या हातात द्यायचं.”

बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, सुती साडीवर पुरुषी पांढरा शर्ट. शर्टाच्या खिशात चिमटा, भिंग आणि ओव्याची पुडी. गिऱ्हाईक आलं की त्याला स्टुलावर बसवायचं आणि विचारायचं, “काय व्हयनं?” काय झालं. रोजचं बोलणं त्यांचं आपल्यासारखंच, पण हा पहिला प्रश्न कायम अहिराणीत. मग गिऱ्हाईक जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवायचं. तोवर यंत्राकडे ढुंकूनही बघायचं नाही.

एकदा माझ्यादेखत एक प्राध्यापक आले होते. “मी काहीच केलं नाही हो, आपोआप गेलं.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “आपोआप दूधसुद्धा उतू जात नाही, सर. कोणीतरी गॅस मोठा ठेवलेला असतो.”

प्राध्यापकांनी आपल्या कॉम्प्युटरच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाले, “नातू खेळत होता. त्याला उचलताना मीच फळीवरून पाडला तो डबा.”

“हां. आता कसं.” आणि ताईंनी लिहून घेतलं : फळीवरून पाडला.

दुसरी एक सवय मला फार आवडायची. फायली निघाल्या की उघडतात का ते बघावं लागतं. त्या वेळी ताई पडद्यासमोरून उठायच्या, माणसाला खुर्चीत बसवायच्या आणि मागच्या बाजूला चहा टाकायला जायच्या. “फाईलचं नाव बघायचं, पोट बघायचं नाही.” लग्न जुळवणाऱ्या एका बाईंची सगळी स्थळं त्यांनी अशीच काढून दिली. ताईंच्या स्वतःच्या पुतणीचं लग्न तेव्हा अडलेलं होतं. बाई म्हणाल्या, “ताई, चाळा की यादी, एखादं जमेल.” ताई म्हणाल्या, “तुमच्या घरी येऊन चाळीन. इथं नाही.” आणि खरंच पुढच्या रविवारी त्यांच्या घरी गेल्या.

समोरच्यावर खूश असल्या की ‘भाऊ’ म्हणायच्या. चिडल्या की ‘साहेब’.

आता माझं.

नाशिकच्या पेठ नाक्याजवळ आमच्या संस्थेचं ऑफिस होतं. पेठ, सुरगाण्याच्या डोंगरातली जुनी भातं जपायची, हे काम. पाड्यापाड्यांतून घरची बियाणी गोळा करायची, दरवर्षी पेठजवळच्या आमच्या तुकड्यात छोट्या छोट्या वाफ्यांत लावायची, कापून नवं बी पुन्हा डब्यात भरायचं. बी नुसतं डब्यात ठेवून चालत नाही, उगवण मरते. सुरुवातीला डब्यांवर नावं होती. पण एकाच भाताला एका पाड्यात एक नाव, डोंगरापलीकडे दुसरं. शिवारफेरीला आलेल्या म्हाताऱ्या त्यावरून भांडायला लागल्या. तेव्हा ठरलं की डब्यावर आणि वाफ्यातल्या खुंटीवर फक्त क्रमांक लिहायचा. कोणतं भात, कुणाच्या घरचं, कुठल्या पाड्याचं, त्याला कुठे काय म्हणतात, हे सगळं कॉम्प्युटरमध्ये. भांडण मिटलं. पण दोनशेच्या वर भातांची ओळख एकाच कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसली, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

ही माहिती भरायचा तो पुंडलिक भोये. पेठ तालुक्यातला, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, तेव्हा पन्नाशीला आलेला. दिवसभर वाफ्यांत असायचा आणि आठवड्यातून एकदा एसटीने नाशिकला यायचा. कॉम्प्युटरला तो ‘पेटी’ म्हणे. एका बोटाने टाइप करायचा, पण पाड्यांची आणि माणसांची नावं त्याच्याइतकी अचूक कुणी लिहीत नसे. एक अक्षर दाबलं की पडद्याकडे बघून हसायचा, जसं काही ते त्यानेच पेरलं आणि उगवलं.

त्या वर्षी खंडेनवमीला पूजा माझ्याकडे आली. बाकीचे सगळे बाहेर जीपला हार घालायला गेले होते. नारळ बाहेर पायरीवर फोडायचा, पण कोण उठणार? मी लोखंडी टेबलाच्या कडेवर आपटला. तो नीट फुटला नाही, हातातच तडकला, आणि पाणी थेट कॅबिनेटच्या वरच्या जाळीत गेलं. कॉम्प्युटर बंद होता. मी रुमालाने पुसलं, त्यावर अक्षता टाकल्या आणि जाळीवर झेंडूची फुलं रचून ठेवली. ओल दिसू नये म्हणून. सगळे आत आले, प्रसाद घेतला, घरी गेलो. वाळेल, असं म्हटलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुंडलिक गावाकडून आला. वाफ्यांची नोंद भरायची होती. त्याने फुलं बाजूला केली आणि बटण दाबलं. फट्. जळका वास. मी पलीकडच्या टेबलाशी होतो. मला त्याच क्षणी कळलं. पुंडलिक हात वर करून उभा राहिला, चोराने उभं राहावं तसा. “साहेब, माझ्या हातानं गेली पेटी.”

मी म्हणालो, “असू दे, असू दे.”

तेवढंच म्हणालो.

हळवी, म्हणजे लवकर येणारी भातं पिवळी पडायला लागली होती. दहा-बारा दिवसांत कापणी. कापलेलं बी कुठल्या नावाच्या डब्यात जाणार, हेच माहीत नसेल तर सगळी मेहनत एका ढिगात. पुंडलिक म्हणाला, “मला तोंडं ओळखू येत्यात साहेब, पण सगळ्यांची नाय. शंभरेक सारखीच दिसत्यात.”

कुणीतरी आहेरताईंचं नाव सांगितलं. मी स्कूटर काढली, पुंडलिक मागे कॅबिनेट मांडीवर घेऊन बसला. गाळ्यात पोचलो तेव्हा त्याच्या हातावर लाल मुंग्या चढल्या होत्या. तो त्या एकेक करून फुंकत होता, मारत नव्हता.

“बसा. काय व्हयनं?”

“चालू होत नाही, ताई,” मी म्हणालो.

“ते दिसतंच आहे. शेवटी कोणी चालू केलं?”

“मी,” पुंडलिक म्हणाला. “बटन दाबलं आन् फट् झालं. माझ्याच हातानं झालं.”

ताईंनी त्याचं नाव विचारलं आणि तसंच लिहून घेतलं. मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, “पुंडलिकभाऊ, बटण दाबल्यानं यंत्र मरत नाही. बटण दाबायसाठीच असतं.”

त्याने मान हलवली. ऐकलं, पण पटलं नाही.

त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं. आतून मुंग्यांची रांग, वरच्या जाळीपासून थेट वीजपुरवठ्याच्या डब्यापर्यंत. “ह्यांना कोणी बोलावलं?” त्या पुटपुटल्या. चिमट्याने एक एक वस्तू उचलून पांढऱ्या कागदावर ठेवत गेल्या. कुंकवाने लाल झालेले पाच-सात तांदूळ. झेंडूची पाकळी. मग चिकट डागावर बोट टेकवलं आणि नाकाशी नेलं.

“पूजा केली होती का?”

“हो,” मी म्हणालो. “म्हणजे... सगळ्यांनीच.”

“सगळ्यांनी?”

“सगळ्यांनी.”

“मी नव्हतो तवा,” पुंडलिक म्हणाला. “गावाकडं होतो. असतो तर नेहमीसारखा मीच नारळ फोडला असता, बाहेर पायरीवर.”

हे तो सहज बोलला. ताईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग कागदाची पुडी केली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

त्यांनी विचारलं, “दुसरी प्रत आहे का फाईलची?” मी खिशातून पेनड्राइव्ह काढला. हे काम माझ्याकडे होतं. दर शनिवारी मी डेस्कटॉपवरची फाईल त्यात उतरवत असे, चार वर्षं न चुकता. ताईंनी तो लावला, बघितलं आणि चष्मा काढून डोळे पुसले. रडत नव्हत्या, हसत होत्या.

“भाऊ, ही फाईल नाही. हा शॉर्टकट आहे. चार वर्षं दर शनिवारी तुम्ही दारावरची पाटी काढून नेली. घर तिथंच राहिलं.”

मीही हसलो. ऑफिसात जाऊन सगळ्यांना सांगितलं, मी किती मूर्ख ते. मोठ्याने सांगितलं. वर्षभर त्यावर विनोद झाले आणि मी ते होऊ दिले. छोटी चूक इतक्या मोठ्या आवाजात कबूल केली की मोठीबद्दल कुणी विचारलं नाही. हे तेव्हा जाणूनबुजून केलं असं नाही, पण झालं खरं.

ताईंनी हार्ड डिस्क बाहेर काढली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला वायरने जोडली. काही नाही. डिस्क फिरतच नव्हती. पुंडलिकने डोळे मिटून घेतले. ताईंनी डिस्कखालची छोटी हिरवी पट्टी उलटून भिंगाखाली धरली आणि मीटरची टोकं इथे तिथे टेकवत राहिल्या. पाऊण तास तरी गेला. मधेच ओवा तोंडात टाकला.

“सापडला.”

मसुराच्या डाळीएवढा एक काळा तुकडा. “हा पार्ट मरायसाठीच बसवलेला असतो. जास्तीची वीज आली की स्वतः जळतो, बाकीच्यांना वाचवतो. पण जळून वाटेतच आडवा पडलाय. ह्याला काढला की रस्ता मोकळा.” त्यांनी तो चिमट्यात धरून, खालचा सोल्डरचा डाग वितळवून, अलगद उचलला.

पुन्हा वायर लावली. बारीक घरघर सुरू झाली. इतका सुंदर आवाज मी फार थोडे ऐकलेत. पुंडलिक टेबलापर्यंत वाकून कान लावून ऐकत होता, पोटातलं मूल ऐकावं तसा.

त्या दिवशी ताईंनी आम्हाला घरी पाठवलं. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल करायची आणि मग नकलेतच शोधायचं, मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही. नकलेला वेळ लागतो. “तुम्ही इथं बसून ती लवकर होत नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी गेलो तर ताई वैतागलेल्या. “साहेब, तुमच्याकडे नऊ फायली सापडल्या. भात, भात नवीन, भात शेवटची, भात शेवटची दोन. कुठली खरी?”

मला माहीत नव्हतं. मी ऑफिसचा प्रमुख, मला माहीत नव्हतं. मी फक्त पाटीवर क्लिक करायचो.

“सी ड्राइव्हमंदी ‘बियाणं’ म्हणून घर हाय,” पुंडलिक म्हणाला. “त्यात ‘भात खरं’ नावाची. प्रोग्राम करणाऱ्या दादानं मला दाखवून ठेवलं होतं. म्हणला, काका, हे विसरू नका.”

ताईंनी उघडलं. तिथेच होती. त्या उठल्या, पुंडलिकला खुर्चीत बसवलं आणि चहा टाकायला गेल्या.

पुंडलिक कीबोर्डला हात लावेना. “तुम्ही करा साहेब.” मी फाईल उघडली. पडद्यावर पहिली नोंद आली. क्रमांक एक. देणार : जनीबाई भोये. पुंडलिक जवळ वाकला आणि मग इतका मोकळा हसला की मागून ताई गाळणी हातात घेऊनच बाहेर आल्या. “आय माझी,” तो म्हणाला. “पहिलं बी तिचंच. आली परत.”

सगळ्याच्या सगळ्या नोंदी शाबूत होत्या. मी स्टुलावर बसलो. आजही त्या दुपारची आठवण आली की श्वास खोल जातो.

पुंडलिक यादी छापून आणायला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेला. ताईंनी दोन कप ठेवले आणि माझ्यासमोर बसल्या.

“साहेब, तुम्ही सांगणार का मी सांगू?”

कशाबद्दल, असं विचारण्याइतका निर्लज्ज मी नव्हतो. म्हणालो, “मी सांगतो, ताई.”

“बरं.” आणि विषय संपला. त्यांच्या दृष्टीने संपला. माणूस सांगतो म्हणाला म्हणजे सांगणार.

कापणी वेळेवर झाली. प्रत्येक खुंटीला तिचं नाव मिळालं. पुंडलिकने पहाटेपासून दिवस बुडेपर्यंत एकेक वाफा वेगळा कापला, वेगळा झोडला, आणि एक दाणा दुसऱ्यात जाऊ दिला नाही. मी ठरवलं, कापणी होऊ दे, मग सांगू. मग दिवाळी होऊ दे. मग संस्थेच्या बैठकीत वरिष्ठ म्हणाले की शेतावरच्या लोकांनी कॉम्प्युटर चालू करायचा नाही. रागाने नाही, काळजीनेच म्हणाले. ती सूचना कागदावर लिहून भिंतीला मी लावली. माझ्या अक्षरात.

त्यानंतर पुंडलिकने कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. दोन हात लांब उभा राहून सांगायचा, दुसरं कुणीतरी भरायचं. पाड्यांची नावं चुकू लागली. तो हळूच म्हणायचा, “त्यात काना नाय, बाई.” भरणारी मुलगी नाशिक शहरातली, ती म्हणायची, “काका, चालतंय हो.” तो पुढचं नाव सांगायचा. पाहुणे आले की स्वतःच हसत सांगायचा, “एकदा माझ्या हातानं पेटी गेली होती.” मी तिथेच असायचो. चहा प्यायचो.

आहेरताईंकडे मी नंतर बऱ्याचदा गेलो, कधी ऑफिसच्या कामासाठी, कधी नुसताच. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटायचं विसरल्या. नंतर लक्षात आलं की त्यांनी मला ‘भाऊ’ म्हणायला पुन्हा सुरुवात केली होती. म्हणजे त्यांनी धरूनच चाललं होतं की मी सांगितलं. ते ‘भाऊ’ मला टोचायचं आणि तरी मी ते घ्यायचो.

मागच्या हिवाळ्यात त्यांनी गाळा बंद केला. हात कापायला लागला होता, चिमट्यात दाण्याएवढा पार्ट धरता येईना. त्या गावी निघाल्या त्या दिवशी मी बसस्टँडवर गेलो. सटाण्याची गाडी लागलेली होती. त्यांच्या दोन पिशव्या मी वर फळीवर ठेवल्या. त्या खिडकीशी बसल्या, मी खाली उतरून उभा राहिलो.

“पुंडलिकभाऊ कसा आहे?”

“बरा आहे. काम सोडलं त्याने, गावीच असतो.”

“त्याला पटलं होतं का तेव्हा, तू सांगितल्यावर? का म्हणाला, नाही, माझ्याच हातानं?”

मला पुन्हा एकदा ‘पटलं’ म्हणता आलं असतं. गाडी सुटायला दोन मिनिटं होती.

“नाही सांगितलं, ताई. अजून नाही.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जाड भिंगातून. मला वाटलं, आता ‘साहेब’ म्हणतील.

“नऊ वर्षं! माले वाटनं, तू तवाच सांगितलं.” मग अहिराणीतच, “तो जिता शे ना?” जिवंत आहे ना.

“आहे.”

“तू पण शे. मग अडचण काय शे?”

निदान एका माणसाशी मी खोटा राहिलो नव्हतो. कंडक्टरने घंटी दिली. ताईंच्या खिडकीची काच अडकली होती, थंड वारा आत येणार होता. त्यांनी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि कापऱ्या हाताने त्या काचेच्या खाचेत खुपसू लागल्या. शेजारची बाई म्हणाली, “राहू द्या ना आजी.” त्यांचं लक्षच नव्हतं. गाडी स्टँडबाहेर वळेपर्यंत मला त्यांचं खाली घातलेलं डोकं आणि हलणारं कोपर दिसत होतं. माझ्याकडे त्यांनी पुन्हा बघितलं नाही.

ताई गेल्या महिन्यात वारल्याचं त्यांच्या पुतणीने कळवलं. त्यानंतर हे लिहायला बसलो.

पुंडलिक हे वाचणार नाही, म्हणून हे लिहून काही फिटत नाही. त्याचं गाव नाशिकहून दीड-दोन तासांवर आहे. पेटी त्याच्या हातून गेली नाही, माझ्या हातून गेली, हे त्याच्या अंगणात, त्याच्या घरच्यांसमोर, तोंडाने सांगायचं मी त्याचं देणं लागतो. ते अजून दिलेलं नाही.